मी टायर बघून येतंय

"मी टायर बघून येतंय," असं म्हणून मामा हॉटेलातल्या बाकावरून उठले की समजावं, आता खरं काम सुरू झालं.

बाहेर त्यांची पांढरी व्हॅन उभी असे. पुढच्या चाकाला ते पायाने दाबत, मग वाकून बघत, मग कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. टायरला काहीही झालेलं नसे. आत दोन माणसं समोरासमोर बसलेली असत, मध्ये पातळ भाजीची एकच बशी, आणि ती दोन माणसं एकमेकांशी बोलत नसत. कधी महिनाभर, कधी वर्षभर, कधी कुणाच्या तरी लग्नातल्या मानापानापासून. मामांचं टायर बघून होईपर्यंत त्यांनी ती बशी संपवायची असे.

आमच्या कॉलनीत अजूनही कुणी कुणी म्हणतं, मामा फार चांगले होते, पण शेवटी शेवटी विसराळू झाले. हे खरं नाही. मामा काही विसरले नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि बोलायचं तेव्हा मी बोललो नाही. आता माझंही वय झालं. ज्यांनी मामांना पाहिलं त्यांच्यासाठी आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठीही हे नीट लिहून ठेवतो.

आमची कॉलनी डिचोली शहराच्या कडेला. खाणी जोरात होत्या तेव्हा इथल्या झाडांची पानंसुद्धा लाल असत. रस्त्यावरून खनिजाचे टिपर दिवसभर धावत आणि बायका वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढून पुन्हा झटकत. त्यातलाच एक टिपर मामा चालवत. ते मूळचे दोडामार्गाकडचे. ऐन तारुण्यात कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. पण बोलणं बदललं नाही. समोर कलेक्टर असो की पाव विकणारा पोदेर, मामा आपल्या मालवणीतच बोलणार. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी जुनी व्हॅन घेतली आणि कॉलनीतल्या मुलांना शाळेत सोडायला लागले. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मुलांचे आईबाप म्हणायला लागले, आणि शेवटी त्यांच्याहून मोठी माणसंही मामाच म्हणायला लागली.

त्या व्हॅनचा सरकता दरवाजा फक्त बाहेरून उघडायचा. आतून कितीही ओढा, तो ढिम्म. मुलांच्या दृष्टीने ते बरंच होतं. मोठ्या माणसांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा आत बसलात की मामा उघडतील तेव्हाच बाहेर. मी एकदा म्हटलं, "मामा, हा दरवाजा दुरुस्त करून घ्या."

"कित्याक?" मामा म्हणाले. "चांगलो आसा."

पुढे मला कळलं की तो दरवाजा त्यांच्या फार कामाचा होता.

रविवारी शाळा नसे. त्या दिवशी सकाळी मामा कुणाच्या ना कुणाच्या फाटकासमोर हॉर्न वाजवत. "चला भाऊनू, उठा. भाजी कोणाची वाट बघणा नाय." कुठे, का, किती वेळ, हे विचारायचं नाही. कधी डिचोलीच्या बाजारातलंच एखादं आडोशाचं हॉटेल, जिथे भिंतीला टेकलं तर शर्टाला चुना लागतो. कधी पेडण्याच्या बाजारातलं, कौलारू, ज्याच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आतली भाजीची टोपं दिसतात. मन मोठं असलं तर थेट केरी. सत्तरी तालुक्यातली नव्हे, तेरेखोलच्या फेरीजवळची. तिथे माडाखाली एक बाई मिरचीची भजी तळायची आणि समुद्र फुकट मिळायचा.

गोव्यात नाश्ता म्हणजे भाजी आणि पाव, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पातळ भाजी, सुकी भाजी, नाहीतर दोन्ही एकत्र. पावातही मऊ पाव वेगळा, आणि गोल, कडक सालीचा उंडो वेगळा. सोबत चहाचा कोप. मामांचं त्यावर एक शास्त्र होतं. बोलायचं नसेल तर सुकी भाजी खावी, चार घास घेऊन उठता येतं. बोलायला लावायचं असेल तर पातळ भाजी आणि उंडो. "उंडो फोडूक दोन हात लागतत," ते म्हणत. "मग बुडवूक होयो, मग रस गळता, मग माणूस वाकता. वाकलेल्या माणसाक राग धरूक जमणा नाय."

आणि बशी यायच्या आधी कुणी तोंड उघडलं तर मामांचा हात वर जाई. "आधी भाजी, मगे गजाल." गजाल म्हणजे बोलणं, गप्पा. भांडणसुद्धा त्यांच्या लेखी गजालच होती, फक्त उपाशीपोटी केलेली.

त्यांनी घडवलेला समेट मी पहिल्यांदा पाहिला तो केरीला. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक वहिनी राहत आणि तळमजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. वहिनींनी वाळत घातलेल्या साड्यांचं पाणी बाईंच्या पापडांवर पडलं होतं. तेवढ्यावरून दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघे आणि दुसरी छताकडे. मामांनी वहिनींना सांगितलं, समुद्र बघायला जाऊ. बाईंनाही तेच सांगितलं. मला नेलं ते बहुधा वजन सारखं राहावं म्हणून. व्हॅनमध्ये एकमेकींना बघून दोघींनी दरवाज्याला हात घातला, पण दरवाज्याबद्दल मी सांगितलंच आहे.

केरीला मामांनी भाजी मागवली आणि दोघींच्या मध्ये मिरचीच्या भज्यांची बशी ठेवली. बशीत तीन मिरच्या. "मी टायर बघून येतंय," म्हणून उठले, आणि जाताना मलाही खांद्याला धरून उठवलं.

आम्ही व्हॅनच्या आडून बघत होतो. दोघींनी एकेक मिरची खाल्ली. तिसरी बशीत उरली. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "घ्या ती तुम्ही."

"नको, तुम्हीच घ्या," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला तिखट आवडतं. बोलण्यावरून कळतंच."

वहिनींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता संपलं. पण वहिनींना ठसका लागला, आणि तो ठसका हसण्याचा निघाला. मग बाईही हसल्या. वहिनींनी मिरची मधोमध तोडली आणि देठाकडचा, जास्त तिखट तुकडा स्वतःकडे घेतला.

मामा टायरला पाय लावून उभे होते. "बघितलंत?" एवढंच म्हणाले.

प्रत्येक वेळी असं जमायचं नाही. एकदा दोन मेहुण्यांना ते पेडण्याला घेऊन गेले. कुंपणाचं भांडण होतं. परत आले तेव्हा कुंपण बाजूला राहिलं होतं आणि भाजीत मीठ जास्त होतं की कमी, यावरून दोघे व्हॅनमध्येच तंडत होते. मी म्हटलं, "मामा, हे तर वाढलं."

"वाढूंदे. जुना भांडण कंटाळवाणा झालेला. ह्या नवा गावला."

गंमत अशी की त्या नव्या भांडणासाठी दोघे पुन्हा त्याच हॉटेलात गेले, मीठ तपासायला. कुंपणाचं पुढे कुणी बोललं नाही.

एक गोष्ट मामांनी कधीच विचारली नाही, ती म्हणजे भांडणाचं कारण. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "कारण इचारलात काय ता परत ताजा होता. ठेवा थंयच, निवांदे." हे कुठे शिकलात, तर म्हणाले, जेटीवर. खनिज उतरवायला टिपरांची रांग लागे, अर्धा अर्धा दिवस. नंबरावरून ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर जात. पण तिथे चहाची टपरी एकच होती. "सकाळी गळपट्टी धरलेले दोघे दुपारी त्याच टपरीर. दुसरी नायच तर जातले खंय? बाजूक बसाचाच लागा." आणि मग म्हणाले, "आता सगळ्यांक आपापली टपरी झाली, भाऊनू. म्हणान भांडणा टिकतत."

ते वाक्य मला लागलं. कारण माझी आपली वेगळी टपरी होती. टपरी कसली, माझा वेगळा गणपती होता.

आमचं मूळ घर इब्रामपूरला. थोरला भाऊ, माझा दादा, शेती बघून तिथेच राहिला. मी नोकरीमुळे डिचोलीला आलो. चवथीला मात्र सगळे इब्रामपूरला, एकच गणपती. गणपतीच्या वर माटोळी बांधायची. लाकडी चौकट, तिला रानातली फळं, सुपाऱ्या, तोरिंजन, आंबाडे, असं सगळं टांगायचं. लहानपणापासून माटोळी आम्ही दोघे बांधत आलो. एकाने चौकट धरायची, दुसऱ्याने गाठ मारायची.

एका वर्षी मला कामावरून सुटका उशिरा मिळाली. पोहोचलो तेव्हा माटोळी बांधून झाली होती. दादाने एकट्याने बांधली होती. घर भावकीने भरलेलं. मी उंबऱ्यात बॅग ठेवली आणि दादा आतल्या बायकांना मोठ्याने म्हणाला, "पाहुणे आले गो. पाट मांडा."

सगळे हसले. मीही हसलो. पुढल्या वर्षी मी डिचोलीला माझ्या घरी वेगळा गणपती आणला.

आमच्याकडे गणपती वेगळा करणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. जमीन वाटली तरी माणसं बोलतात. गणपती वाटला की झालं. दादाने निरोप पाठवला, "गणपती वेगळो, तर पाणीय वेगळा." त्यानंतर आम्ही एकमेकांच्या घरचं पाणी प्यायलो नाही. मुलांची लग्नं झाली, त्या मांडवांत आम्ही दोन टोकांना उभे राहिलो.

मामा एका चवथीला दर्शनाला आले. नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि वर माटोळीकडे बघत राहिले. बाजारातून आणलेली फळं, मीच बांधलेली.

"एकट्यान बांधलात?"

"हो."

"एकट्यान बांधलेली माटोळी कलता," ते म्हणाले. खरोखरच एका बाजूला कलली होती. मी दर वर्षी ती सरळ करायचो आणि दर वर्षी ती कलायची. मामा चहाचा कोप संपवून निघून गेले. मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. त्यानंतर किती तरी रविवार मामांचा हॉर्न कॉलनीत वाजला नाही. ते एकटेच इब्रामपूरला जात होते. वळणावरच्या हॉटेलात, जिथे दादा सकाळी शेतावरून येऊन चहा पितो, तिथे त्याच्या शेजारी बसत होते. माझं नाव न काढता. कितव्या तरी भाजीनंतर दादानेच विचारलं म्हणे, "तुमी डिचोलेचे ना? थंय माझो भाव आसा."

मग एका शनिवारी संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. इतरांना ते कधी आधी सांगत नसत. मला सांगितलं.

"उद्या पेडण्याक जावचा. तुमचे दादा येतले थंय. तुमका फसवून न्हेवचा नाय, म्हणान सांगतंय. येतलात?"

मी हो म्हटलं. माझ्या बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. सकाळी मी दाढी केली, शर्ट घातला, आणि केस विंचरताना माझ्या कानात दादाचा आवाज आला, पाहुणे आले. पेडण्याचा बाजार. निम्मं हॉटेल ओळखीचं. तिथे सगळ्यांसमोर तो तेच म्हणाला तर?

खाली हॉर्न वाजला. मी बायकोला म्हटलं, सांग, ताप आलाय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली. मी जनेलाच्या पडद्याआड उभा राहून बघत होतो. मामांनी तिचं ऐकून घेतलं, मान वर केली आणि सरळ पडद्याकडे बघितलं. मी हललो नाही, पण पडदा हलला. मामा गाडीत बसले आणि एकटेच पेडण्याला गेले.

तिथे काय झालं ते मला पुढे दादाकडूनच कळलं. तो धुतलेलं धोतर नेसून हॉटेल उघडताच येऊन बसला होता. शेजारी पिशवी, तीत शेतातले अळसांदे, गोव्याकडची मोठी चवळी. बालपणी मला अळसांद्याचं तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटपातली उसळ, आवडायचं. त्याने बशी मागवली होती, दोन उंडे मागवले होते, आणि हात लावला नव्हता. गिऱ्हाईकं येऊन जात होती. विचारणाऱ्याला तो सांगत होता, "भाव येतलो."

मामा आत आले, एकटे. दादाने त्यांच्या मागे दाराकडे बघितलं.

"चूक माझी," मामा म्हणाले. "मी तेका पुढचो आयतार सांगलंय. इसारलंय."

दादा रागाचा. त्यात चार लोकांसमोर वाट बघत बसलेला. तो उभा राहिला आणि हॉटेलभर ऐकू जाईल असं बोलला. "म्हाताऱ्याक भ्रम झालो! धड दीस सांगूक येना, आणि दुसऱ्यांच्या घरांत नाक खुपसता!" मामांनी ऐकून घेतलं. "मी टायर बघून येतंय," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दादा तणतणत बसस्टँडकडे गेला. पिशवी बाकावरच राहिली.

ती पिशवी मामांनी मला आणून दिली. "दादांनी आणलेले. ताप उतरलो?"

"उतरला."

"बरा," एवढंच म्हणाले. पडद्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्या बायकोने त्या अळसांद्यांचं तोणाक केलं आणि मी ते जेवलो. चवीला चांगलं झालं होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. आमच्या कॉलनीतले एक शिक्षक पेडण्याच्या शाळेत होते आणि नाश्ता त्याच हॉटेलात करायचे. त्या रविवारी शाळेच्या जादा कामासाठी गेले असताना त्यांनी दादाचं ओरडणं ऐकलं होतं. आठवड्याभरात कॉलनीभर झालं, मामांना भ्रम झाला, दिवस लक्षात राहत नाहीत. मग लोकांना एकेक आठवायला लागलं. मामा त्या दिवशी उशिरा आले होते. मामा एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात. जे आपण सगळेच करतो, ते मामांनी केलं तर आजार.

एका संध्याकाळी देवळासमोरच्या मंडपात मुलांचे आईबाप जमले. कोपऱ्यावरच्या घरातली सून म्हणाली, "मामांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही हो. पण पोरगं भलत्याच फाटकावर सोडलं तर?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच खुर्चीवर होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर ताप नव्हता हे सांगावं लागलं असतं, आणि मग का गेलो नाही, तेही. मी मान डोलावली नाही. पण गप्प राहिलो, आणि गप्प बसलेला माणूस मोजताना डोलावणाऱ्यांतच धरतात.

मुलं दुसऱ्या गाडीने जायला लागली. मामांनी कुणाला जाब विचारला नाही. सकाळी शाळेच्या वेळी ते व्हॅन पुसत, दरवाजा एकदा उघडून बघत, बंद करत. मुलं दुसऱ्या गाडीतून हात हलवत. मामाही हलवत. मी एकदा जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मामा, मी सांगतो त्यांना."

"काय सांगतलात?" फडक्याने काच पुसतच म्हणाले. "दादांक कळला मगे? तुमी ताप काढलात म्हणान? तेंका वाटात, भाव मुद्दाम येवक नाय. मगे तो जन्मात येवचो नाय. आता निदान माझ्यार रागावलेलो आसा. माझ्यारचो राग निवात. तुमी आधी दादांकडे जावा. मगे सांगा कोणाक सांगूचा ता."

म्हणजे मामा माझ्यासाठी दार उघडं ठेवून बाहेर उभे होते. मी त्यातून आत गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो, आणि मामांनी सांगितलंय म्हणून गप्प आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

नंतर त्यांची मुलगी त्यांना वास्कोला घेऊन गेली. जाताना व्हॅन त्यांनी ओळखीच्या गॅरेजवाल्याला दिली. त्याला म्हणाले, "दरवाजो दुरुस्त करू नको." त्याने तो अर्थात पहिल्याच दिवशी दुरुस्त केला.

गेल्या शिमग्यानंतर मामा वास्कोतच वारले. मुलगी कॉलनीत सांगायला आली तेव्हा आम्ही सगळे पुन्हा त्याच मंडपात जमलो. जो तो चांगलंच बोलला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि तळमजल्यावरच्या बाई शेजारी शेजारी बसून रडल्या. मग कोपऱ्यावरची सून हळहळून म्हणाली, "शेवटी शेवटी बिचारे विसरायचे ना."

मुलगी गोंधळली. "बाबा? नाही हो. बाबांना सगळं आठवायचं. रोज संध्याकाळी मला सांगायचे, कुठल्या पोराचं फाटक निळं, कुठल्या पोराच्या घरी कुत्रा आहे म्हणून हॉर्न हळू वाजवायचा. गेले त्याच्या आदल्या दिवशीही सांगत होते."

मी उठून उभा राहिलो. काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. मला ताप नव्हता, एवढं पहिलं बोललो, आणि बाकीचं त्यामागून आलं. संपल्यावर सून म्हणाली, "काका, मग तुम्ही तेव्हा इथेच बसला होतात की." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं. मामांची मुलगी माझ्याकडे बघत होती. ती उठली, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "इब्रामपूरचे दादा म्हणजे तुमचे भाऊ का? बाबा विचारायचे, भाऊनू गेले काय गो दादांकडे?"

त्या संध्याकाळी मी दादाला फोन लावला. नंबर माझ्या मुलाकडून घेतला. त्याने आवाज ओळखला.

"कोण, बाबू?"

मी नमस्कार-चमत्कार केला नाही, नाहीतर राहून गेलं असतं. "दादा, त्या दिवशी मामा चुकले नव्हते. त्यांनी मला बरोबर सांगितलं होतं. मीच आलो नाही. आणि मामा आता गेले."

पलीकडे दादाचा आवाज चढला. इतक्या वर्षांनी तो माझ्यावर ओरडला, पोटभर. "एका बऱ्या माणसाक मी भर बाजारात पिसो म्हटलंय! तुझ्यापायी! तो उभो रवलो, ऐकान घेतल्यान, आणि भायर जावन टायर बघत बसलो. केदो वेळ बघत होतो! टायराक कायएक झालेला नाय, तेव्हाच माका कळाक होया होता." मग आवाज उतरला. "आता मी तेका सांगू खंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आयताराक पेडण्याक ये," दादा म्हणाला. "आणि येतलंस तर ये."

रविवारी मी पहिल्या बसने गेलो. जनेलातून भाजीची टोपं तशीच दिसत होती. दादा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. केस सगळे पांढरे झालेले, हात मात्र तेच, रुंद. मी दारात थांबलो. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मला आतल्या आत कळलं की तो शब्द त्यालाही आठवतो आहे. त्याने तोंड मिटलं. सरकून बाकावर जागा केली. समोर नाही, शेजारी.

पोऱ्याने एक बशी आणून ठेवली. मी बोलायला गेलो, तर दादाने हात वर केला.

"आधी भाजी," तो म्हणाला.

त्याने उंडा उचलला, दोन्ही हातांनी फोडला आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. आम्ही वाकून बुडवून खात होतो. रस गळत होता. निम्मी बशी झाली तेव्हा दादाचा घास थांबला. त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा तोंड, म्हणजे मला वाटावं की तोंडच पुसतो आहे.

"मी टायर बघून येतंय," दादा म्हणाला, आणि उठला.

तो आला होता बसने. मीही. बाहेर कुणाची तरी एक स्कूटर उभी होती. दादा तिच्यापाशी गेला, पुढच्या चाकाला पायाने दाबलं, वाकून बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. स्कूटरवाला आतून ओरडला, "ओ काका, काय झालं?"

दादाने मागे वळून बघितलं नाही.

"काय नाय," तो म्हणाला. "हवा आसा."

मी बशीत त्याच्यासाठी निम्मी भाजी ठेवून थांबलो.